न मागितलेला उपास

"बाई गं, हा उपास मी मागितलाच नव्हता!" बुवा देवाच्या आवाजात म्हणाले आणि सगळा मांडव हसून हलला. सांगलीत विश्रामबागेतल्या दत्ताच्या देवळात सप्ताह चालू होता, जयंती तोंडावर आली होती, संध्याकाळची थंडी पायाच्या तळव्यांतून वर चढत होती. पूर्वरंग आटोपून बुवांच्या गळ्यात हार पडला होता, कपाळाला बुक्का लागला होता, आणि उत्तररंगाला त्यांनी एका गवळ्याच्या बायकोची गोष्ट लावली होती. तिच्या खोपटात देव अतिथी होऊन येतो. ती त्याला ओळखत नाही, पण होतं नव्हतं ते पानात वाढते. "तूही बस की," तो म्हणतो. "माझा उपास आहे." "कुणाचा?" "त्या वरच्याचा." दुसऱ्या दिवशी येतो, पुन्हा उपास. तिसऱ्या दिवशी येतो, पुन्हा उपास. मग देव पानावरचा हात आखडून घेतो आणि हे बोलतो. बुवांची रीतच अशी, आधी हसवायचं आणि माणूस हसण्यात सापडला की रडवायचं. पेटीवाल्यानं सूर धरला, झांजा उठल्या, शेजारी बसलेली सृष्टी आईच्या कानाला लागून म्हणाली, "आई, हा देव भारीये." संयोगिताचे हात टाळीसाठी वर गेले होते, ते तसेच राहिले. लहानपणी आईच्या मांडीवर झोपत-जागत तिनं कितीतरी कीर्तनं ऐकली होती. कीर्तनात देव कितीदा तरी तिच्या जवळ येऊन बसला होता, तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेला होता, पण असा अंगावर धावून आला नव्हता. बुवा पुढं काय काय सांगत राहिले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, चिपळ्या हलताना दिसत होत्या, आणि तिला ऐकू येत होती फक्त एक खरखर, रिकाम्या पातेल्याच्या बुडाशी पळी फिरावी तशी.

ती खरखर घरीही बरोबर आली. स्वयंपाकघरातला दिवा लावला तर ओट्यावर सगळं धुतलेलं, पालथं घातलेलं, आणि तरी आवाज चालूच. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. कृष्णाकाठी, कराडच्या अलीकडं त्यांचं गाव. घरात चार भाऊ, त्यातले दोन पलटणीत, बांधापासून बांधापर्यंत ऊस, आणि तिची आई त्या घरातली धाकटी सून. ऊस इतका की पावसाळ्यात शेजारच्या वस्तीचा दिवासुद्धा दिसायचा नाही, आणि त्या सगळ्या हिरव्यात खायचं पान एकही नाही. वांग्याचं झाड लावायला कुणी हातभर जागा सोडायचा नाही. माळवं, म्हणजे भाजीपाला, बाजारच्या दिवशी यायचं, गडीमाणसांच्या आणि पोरांच्या पानांवरून फिरत फिरत खाली यायचं, आणि चुलीपाशी येईपर्यंत पातेलं पुसल्यासारखं व्हायचं. मग आई चुलीकडं तोंड आणि घराकडं पाठ करून बसायची. पळी फिरल्याचा आवाज यायचा, भांड्यावर भांडं वाजायचं, आणि सोप्यात हात धुणाऱ्यांना वाटायचं, जेवतेय. आत कुणी डोकावलंच तर आई न वळता म्हणायची, "आज माझा उपास हाय." सोमवार महादेवाचा. गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा. चतुर्थी, एकादश्या. घरात सगळे म्हणायचे, देवभोळी बाई आहे. संयोगितालाही त्याचा अभिमान वाटायचा. आपली आई एवढ्या देवांच्या ओळखीची! तिला आईचा चेहरा आठवायचा म्हटलं तर आता नीट आठवत नाही. पाठ आठवते. पोलक्याच्या शिवणीखालची ती सरळ, गप्प पाठ, आणि तिच्यावरून हलणारा चुलीचा उजेड.

"आई, तू कधी जेवतेस गं?" सृष्टीनं मागून विचारलं. संयोगिता दचकली. "मला नेहमी तुझी पाठच दिसते."

"जेवते की. उभ्या उभ्या होतं माझं," ती म्हणाली, आणि आपण ओट्याकडं तोंड करून उभ्या आहोत हे लक्षात येऊनही तिला वळता येईना. आपण वळलो तर पोरीला आपलं तोंड दिसायच्याऐवजी भलतंच कुणाचं दिसेल, अशी एक वेडी भीती तिच्या मानेला धरून बसली होती.

त्याच दुपारी ऑफिसात धैर्यशील सरांशी झालेलं बोलणंही त्या खरखरीत मिसळून गेलं होतं. त्यांची संस्था सांगलीच्या आसपासच्या वस्त्यांवर लोक काय खातात याचा अभ्यास करत होती. ज्या वस्तीच्या पानात भाजी-डाळ कमी, तिथं बचत गटाच्या बायकांच्या हाती एक केंद्र द्यायचं, ताजं माळवं, डाळी, अंडी, सगळं परवडेल अशा भावात. केंद्र एकच होतं आणि वस्त्या बऱ्याच. घरोघर जाऊन विचारायचं एवढंच, काल दिवसभरात काय काय खाल्लं? वाट्या-चमचे दाखवून विचारायचं, टॅबवर भरायचं. त्यात एक नियम होता, आणि तो शहाण्या माणसांनी विचार करूनच केला होता. कालचा दिवस उपासाचा असेल तर तो नेहमीचा दिवस नव्हे, तो धरायचा नाही. पुन्हा जायचं. पुन्हा तेच निघालं तर आणखी एकदा. तेव्हाही उपास निघाला तर ते माणूस वगळायचं. बाकीच्या वस्त्यांत हे सुरळीत झालं. माधवनगरच्या पलीकडं, उसाच्या पट्ट्यात घुसलेल्या माळवस्तीत मात्र एकामागून एक म्हाताऱ्या वगळल्या गेल्या होत्या.

"माळवस्तीचा आकडा चांगला आलाय, ताई," धैर्यशील सर म्हणाले होते. "केंद्र बहुतेक दुसरीकडं जाईल."

"हरणाबाईंचं राहिलंय अजून."

"त्या वस्तीत देवधर्म फार वाढलाय वाटतं." माणूस चांगला होता, बोलण्यात टोचणी नव्हती. "अहो, माझी आईपण करते उपास. पण तो दिवस धरला तर सगळा अभ्यास वाकडा होईल. उद्या शेवटचा दिवस आहे. जा, साधा दिवस निघाला तर घ्या, नाहीतर वगळा. त्यांच्या भक्तीला आपण काय करणार?"

संयोगितानं मान हलवली होती. हरणाबाईंकडं ती पहिल्यांदा गेली तेव्हा काल सोमवार होता. दुसऱ्यांदा गेली तेव्हा काल शनिवार. उद्या गुरुवारी जायचं म्हणजे विचारायचं बुधवारचं, आणि बुधवारचा उपास काही कुणी धरत नाही. मुद्दाम वार बघून आपण हे जमवलं म्हणून दुपारी तिला बरं वाटलं होतं. आता अंथरुणावर पडल्यावर ते बरं वाटणं आंबून गेलं. आईचा दहावा आठवला. आई गेली तेव्हा संयोगिता साताऱ्याला कॉलेजात होती. विहिरीच्या वाटेवर चक्कर येऊन पडली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त असं नव्हतंच हो, पाणीच होतं. घाटावर पिंड मांडले आणि कावळा शिवेना. झाडावर बसून बघायचा, खाली उतरायचा नाही. थोरले काका म्हणाले, पोरीचं शिक्षण करू. शिवेना. लग्न थाटात करू. शिवेना. बाबा रडत काहीतरी पुटपुटले, तरी शिवेना. मग साळूआत्या पुढं झाली. बाबांची धाकटी बहीण, कुणाला न भिणारी. तिनं पदराखालून ज्वारीची भाकरी काढली, वर पिठल्याचा गोळा ठेवला, पिंडाशेजारी मांडला आणि हात जोडून एवढंच म्हणाली, "वैनी, सोडा आता उपास." पंखांचा आवाज झाला. काका म्हणाले, बघा, व्रत पुरं करून गेली, पुण्यवान. सगळ्यांनी डोळे पुसले. साळूआत्या तेवढी कोरड्या डोळ्यांनी भावांच्या तोंडाकडं बघत उभी होती. संयोगिताला त्या बघण्याचा अर्थ त्या वेळी लागला नाही. तिला वाटलं, आईचे एवढे देव, ते आता वाऱ्यावर कसे सोडायचे? म्हणून तिनं ते उचलले. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादश्या. आईची साडी अंगावर घ्यावी तसे घेतले, आणि पुढं सांगलीत संसार झाला, सृष्टी झाली, तरी कधी उतरवले नाहीत.

सकाळी पायलच्या स्कूटरवर मागं बसून ती निघाली. पायल मिरजेची, यंदाच शिक्षण संपवून संस्थेत लागलेली, जिभेला हाड नसलेली पण मनानं साफ पोरगी. माधवनगर मागं पडलं, बंद गिरणीची भिंत गेली, आणि दोन्ही बाजूंनी ऊस रस्त्यावर वाकून आला. उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, वाटेवर कांड्या पडल्या होत्या, हवेत कारखान्याचा गोड-आंबूस वास होता.

"ताई, राग येणार नसेल तर एक विचारू?" पायल वाऱ्यावर ओरडली. "तुमचे देव बायकांना एवढं उपाशी का ठेवतात हो?"

"पायल, देवाला नावं ठेवायची नाहीत."

"नावं नाही ठेवत. आम्ही बौद्ध, आमच्यात उपास मागणारा देवच नाही. मग माझी आजी काय म्हणायची ठाऊक आहे? 'पोटात दुखतंय गं बाई.' ताटं मांडली की दुखायलाच लागायचं तिच्या. आम्ही पोरं पळत जाऊन ओवा आणून द्यायचो. ती ओवा चावायची, वर पाणी प्यायची आणि झोपायची." पायल हसत होती. मग स्कूटर खड्ड्यातून गेली, आणि ते हसू मागं रस्त्यावरच कुठंतरी पडून राहिल्यासारखं झालं.

पायल पुढच्या घराकडं गेली. हरणाबाई दारात उन्हाला बसल्या होत्या. वाळकी, उंच बाई, गिरणी चालू होती तेव्हा तिथं कामाला जायची. आता लेक पप्पू उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, सून मोळ्या बांधायला जायची, नातवंडं शाळेत. संयोगिताला बघून त्यांनी पदर सारखा केला.

"आज बी आलीस व्हय? तुमच्या सायबाला दुसरं काम न्हाई वाटतं. कुणी काय खाल्लं ह्येचीच नोंद. सटवाई हाय का काय त्यो?"

"शेवटचंच, मावशी. आज झालं की नाही येणार परत."

"ये की. येऊ नगंस म्हंतंय कोण? बस. चहा टाकू?"

संयोगिता त्यांच्या मागोमाग आत जाऊन चुलीपाशी बसली. खोलीत थंड राखेचा वास होता. रेशनच्या तांदळाची पिशवी खुंटीला होती, उतरंडीशेजारी टोपलीवर एक पालथी परात, आणि भिंतीवर विठोबाची तसबीर, ताजा बुक्का लावलेली. माळव्याची बुट्टी होती, तिच्यात नातवंडांच्या गोट्या होत्या. तिनं टॅब मांडीवर घेतला. "मावशी, काल बुधवार होता. काल दिवसभरात काय काय खाल्लं?"

"काल उपास हुता."

"बुधवारी?"

"आता घ्या! एवढी कीर्तनाला जातीस म्हंतीस. बुधवार इठोबाचा न्हवं का?"

खोली हलली नाही, काही पडलं नाही. फक्त त्या म्हातारीच्या तोंडून आलेला आवाज म्हातारीचा नव्हता. आखाडातली संध्याकाळ, बाहेर पाऊस, बाजार बुडालेला. परकराची नाडी चघळत चुलीपाशी उभी असलेली ती स्वतः, एवढीशी. "आई, आज बुधवार. बुधवारी कुठला देव?" आणि ती पाठ, जराही न वळता, "विठोबा गं. बुधवार विठोबाचा." आणि मग तिच्या पानात आणखी अर्धी भाकरी पडली होती, गरम, वरून तेलाचा हात फिरवलेली. ती तिनं खाल्ली होती. तिची चव आत्ता जिभेवर आली. सगळे वार तिनं आईकडून घेतले होते, हा एक बुधवार तेवढा विसरून गेली होती, आणि तो इथं या पत्र्याखाली तिची वाट बघत बसला होता.

टॅबवर चौकट उघडीच होती. उपास, होय. एवढं बोट टेकवलं की हरणाबाई वगळल्या, आणि मोजणीत उरणार फक्त ज्यांच्या पानात काही पडतं ती माणसं. त्यांच्याबरोबर वस्ती वगळली, आणि उद्यापासून चांगल्या आकड्याची माळवस्ती उपाशीपोटी सुखानं नांदणार. नाहीतर विचारायचं, मावशी, उपास होता की घरात नव्हतं? पण तसं विचारणं म्हणजे बाईच्या अंगावरच्या पदराला हात घालणं. एवढं एकच लुगडं तिच्याजवळ धड उरलेलं, देवाच्या नावाचं, तेही ओढून घ्यायचं? आईला कुणी तसं विचारलं असतं तर आईनं त्याच दिवशी विहीर जवळ केली असती. बाहेरून ट्रॉली गेली, घरातली भांडी बारीक वाजली. खरखर चालूच होती. आणि त्या खरखरीतून, तिनं ठरवलेलं नसताना, गावाकडची बोली तिच्या तोंडी आली.

"मावशी, उद्यापन कवा हाय?"

"कशाचं?"

"बुधवाराचं. शनवाराचं. व्रत धरलं की उद्यापन असतंय न्हवं? देवाला सांगायचं, तुझं तुला पोचलं, आता मोकळं कर. तुमचं कवा?"

हरणाबाई हसल्या. "लय हुशार हायस गं." मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे त्यातून निघून गेले. त्या चुलीतल्या राखेकडं बघत राहिल्या. "उद्यापनाला जेवाण घालावं लागतंय, बाय. वरण, माळवं, कायतरी ग्वाड. त्येवढं घरात असतं, तर उपास कशाला धरला असता?"

बोलल्या आणि स्वतःच्याच बोलण्यानं दचकल्या. हात तोंडावर गेला. त्या वळून तसबिरीकडं बघायला लागल्या, चोरी करताना धाकट्या दिरानं बघावं तशा. "इठोबा, तुझ्या नावावर घातलं रं मी सगळं. काय करू? रिक्षानं बाजारला जाऊन माळवं आणायचं म्हंजे माळव्याइतकंच रिक्षावाला घेतोय. इथं गाडा येत न्हाई. चहूकडं बघावं तर ऊस, गुरानं खावा न्हाईतर कारखान्यानं. पोरांच्या पानात पडायला पायजे, पप्पू दिसभर स्टेरिंगवर, त्येला पायजे. सुनंला उपास सांगितला तर ती बी धरंल, म्हणून तिला म्हंते, तुझं वय न्हाई अजून. मला पाप लागंल का गं?"

"काल कीर्तनात बुवा एक गोष्ट सांगत होते," संयोगिता म्हणाली. तिनं गवळ्याच्या बायकोची गोष्ट सांगितली, खोपट, अतिथी, एकामागून एक उपास, आणि देवानं आखडून घेतलेला हात. "देव म्हणाला, हा उपास मी मागितलाच नव्हता."

हरणाबाई पुढं सरकल्या. "आसं म्हनला? मग? म्होरं काय झालं?"

"ठाऊक नाही मावशी. पुढचं मला ऐकूच आलं नाही."

"कमाल हाय बाई तुझी! कीर्तनाला जाऊन गोष्ट निम्मी सोडून येतीस?" म्हाताऱ्या चेहऱ्यावर खरा राग आला, आणि त्या रागानं जरासा रंगही. "निम्मी गोष्ट घरात आणू नये. मी सांगते म्होरलं. निम्मं तिला दिलं आसंल त्यानं. दुसरं काय करील? देव झाला म्हणून एकट्याला घास उतरंल व्हय?" त्या भिंतीला हात लावून उठल्या. "लिव तुझं. काल, चहा. कोरा. सांजचं बी चहाच. उपास लिवू नगंस."

"लिहू?"

"लिव म्हंते की. आन माझ्या एकलीचं लिवून जाऊ नगं. पलीकडच्या सगळ्या आज्ज्यांकडं परत जा. देव कुठला म्हणून इचारशील तर धा देव सांगतील. उद्यापन कवा, आसं इचार. मी येते संगं. माझ्यासमोर कशी खोटं बोलतीय, बघते एकेक."

संयोगितानं लिहिलं. उपास, नाही. चहा, कोरा. बोटाखाली काच गार लागत होती. धैर्यशील सर ऐकतील, ते वाईट नव्हेत. वगळलेल्या साऱ्या जणींकडं आज दिवस मावळेपर्यंत पुन्हा जायचं, पायलला हाक मारायला हवी. ती उठणार तोच हरणाबाईंनी टोपलीवरची परात उचलली. खाली एक भाकरी होती, सकाळची. त्यांनी ती मधोमध मोडली, वर शेंगदाण्याच्या चटणीची चिमूट ठेवली, आणि अर्धी पुढं केली.

"घे."

"नको मावशी. आमच्या कामाचा नियम आहे, कुणाकडं खायचं नाही. आणि आज माझा गुरुवार..."

"कुणी सांगितला तुला?"

दत्ताचा, असं ती म्हणणार होती. देवळातली मूर्ती डोळ्यांपुढं आलीही, शांत, हार घातलेली, पायाशी कुत्री, आणि त्या मूर्तीच्या तोंडाकडं बघून तिला ते म्हणवेना. "आईचा आहे तो," ती म्हणाली. "आई करायची."

"आन तिला कुणी सांगितला हुता?"

हरणाबाईंनी उत्तराची वाट बघितली नाही. स्वतःची अर्धी घेऊन त्या समोर बसल्या, चुलीकडं पाठ करून, तोंड हिच्याकडं. पहिला घास मोडला. हातात धरला तसाच. पुढचं माणूस खात नाही तोवर त्या खाणार नव्हत्या, हे दिसतच होतं.

संयोगितानं भाकरी हातात घेतली. थंड होती, कडेला करपलेली. तिनं तुकडा तोंडात घातला. चटणीचं तिखट टाळूला लागलं आणि डोळ्यांत पाणी आलं, तिखटाचंच म्हणायचं. आत कुठंतरी, इतकी वर्षं रिकाम्या पातेल्यातून फिरत असलेली पळी थांबली. एकदम गप्प झालं. आणि मग त्या गप्पपणात, अगदी सावकाश, चुलीच्या उजेडातली ती पाठ वळायला लागली.

संयोगितानं मान वर केली नाही. आधी घास गिळायला हवा होता.